चार पुस्तकांतली बाई

नाताळच्या सुट्टीत वाचायला चार पुस्तकं निवडण्यात मुकुंदने तीन संध्याकाळी घालवल्या. सीताबर्डीच्या वाचनालयात उभा राहून तो प्रत्येक पुस्तकाचे पानांचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासत होता. मागच्या खेपेला आईच्या कादंबरीची शेवटची वीस पानं गायब निघाली होती आणि त्यावरून तो अजून बोलणी खात होता. म्हणून यंदा त्याने नुकतीच नवी बांधणी होऊन आलेली पुस्तकंच घेतली. बाबांना शिकारीच्या आठवणी, आईला घरगुती कादंबरी, प्रयागआत्याला नर्मदा परिक्रमा आणि स्वतःला ग्रहताऱ्यांचं पुस्तक. भुताखेतांचं काही निघालं तर आपण पहिल्या बसने परत फिरू, असं आत्याने आधीच बजावलं होतं.

जानेवारीत मुकुंद नोकरीसाठी बल्लारपूरला जाणार होता. चौघांना असे चार दिवस पुन्हा मिळतील याची खात्री नव्हती. त्यासाठी तर तो बाबांच्या रजेमागे महिनाभर लागला होता.

रामटेकजवळचं तलावाकाठचं विश्रामगृह रिकामंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं व्हरांड्यात वाचत बसले. वारा पूर्ण पडला होता. बाबांना मोठ्याने वाचायची सवय. वाघ पाण्यावर आला, शिकाऱ्याने बंदूक उचलली, बाबांनी पान उलटलं.

"‘पांढरं लुगडं नेसलेली बाई फाटकाशी उभी होती. तिचे पाय ओले होते.’" ते थांबले. "मंग वाघ कुठी गेला?"

शिकाऱ्याला भास झाला असेल, असं म्हणून आईने विषय संपवला. चहाच्या वेळी मात्र तिनेच आपलं पुस्तक पुढे सरकवलं. तिच्या कादंबरीत लग्नाची बोलणी चालली होती, वरपक्ष मानपानावर अडून बसला होता, आणि मध्येच ती पांढऱ्या लुगड्यातली बाई पायऱ्या चढून व्हरांड्यात आली होती. फरशीवर ओली पावलं उमटली होती. चौघांनी नकळत खाली पाहिलं. फरशी कोरडी होती.

आत्याने घाईघाईने पुढची पानं चाळली. ओंकारेश्वरच्या घाटावर आंघोळी चालल्या असताना एकदम लिहिलं होतं, ‘आता ती दाराशी होती. आत चार माणसं होती.’ आत्याने पुस्तक मिटलं आणि पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"मुकुंदा, हे बाई पुस्तकापुस्तकातून चालत येऊन राहिली गा. आता तुह्याच पुस्तकात यायची राहिली."

मुकुंद हसला आणि त्याने शनीच्या कड्यांचं प्रकरण काढलं. दोन पानं उलटल्यावर त्याचं हसू ओठावरच राहिलं. ‘कडी आतून लावलेली होती. ती हळूहळू सरकू लागली.’

आत्याने सामान आवरायला घेतलं. बाबांनी उरलेली रजा रद्द करता येईल, असं सांगून टाकलं. आईने वाळत घातलेली लुगडी ओलीच आत आणली. मुकुंदने सगळ्यांना दहा मिनिटं मागितली आणि चारही पुस्तकं ओळीने मांडली. बाबांच्या पुस्तकात ती बाई सत्याण्णव ते एकशे बारा या पानांवर होती. आईच्या पुस्तकात तिथून पुढची सोळा, मग आत्याच्या, मग त्याच्या. कागद जास्त पिवळा, अक्षरं वेगळी.

त्याने समजावलं, की छापलेल्या एका मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात. बांधणी करणाऱ्याने बरीच पुस्तकं एकदम उसवली असणार, त्यात एक भुताचं. मग नुसते आकडे जुळवून त्याने सगळी शिवली. आपणही वाचनालयात फक्त आकडेच पाहिले होते, हे मुकुंदने सांगितलं नाही.

बाबा खो खो हसले. आत्याने पाय खाली सोडले. आई तेवढी पुस्तकाकडे पाहत राहिली.

"ते समजलं. पन त्या बाईले पाहिजे काय होतं?"

मुकुंदने एकशे साठाव्या पानाची शेवटची ओळ वाचली. "‘ती आत आली, चौघांकडे पाहिलं आणि म्हणाली, माझं इथे एक’" त्याने पान उलटलं. पुढे शनीचे उपग्रह होते.



"पहिली बस किती वाजता आहे गा?" आत्याने विचारलं.

"आता काहून? आता तर भेव नाही ना?" बाबा म्हणाले.

"भेवाचं कोन म्हनते? पुढची सोळा पानं कोनी दुसऱ्यानं नेली तं?"

बाबांनी मान हलवली. त्यांचा वाघही तिकडे वाचनालयातच कुठेतरी होता. अजून दोन दिवस हातात आहेत, हे सांगायला मुकुंदने तोंड उघडलं. मग एकशे साठावं पान पुन्हा एकदा उलटून पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी आपली वळकटी बांधायला घेतली.