खिडकी क्रमांक पाच रजेवर

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आपल्या इलोइलोच्या त्या विद्यापीठात फेली आहे ना, विद्यार्थी विभागात खिडकी क्रमांक पाचवर बसते ती? तिला मॅनेजर व्हायचं होतं. सहायक कुलसचिवांची खुर्ची रिकामी होती आणि अर्जाला शुक्रवारपर्यंतच मुदत.

विभागप्रमुख पाल्मारेस सर म्हणाले, "अनुभव ठीक आहे फेली, पण व्यवस्थापनाचा डिप्लोमा लागतो. आपलंच विद्यापीठ देतं." डिप्लोमा तर हिने केलेलाच गं! नोकरी सांभाळून, संध्याकाळचे वर्ग करून, वर पहिली आलेली. फक्त प्रमाणपत्र हातात यायचं होतं. त्यासाठी क्लिअरन्स लागतो, म्हणजे 'हिच्याकडे आमचं काही बाकी नाही' अशी प्रत्येक खिडकीची सही. बाकी सगळ्यांनी दिली. उरली पाच नंबरची.

म्हणजे हिचीच! हिने पेनाचं टोपण काढलं, तर सर ओरडले, "स्वतःच स्वतःला सही? हितसंबंध गुंततात! विद्यार्थ्यासारखी रांगेतून ये, कार्यालयीन वेळेत."

कार्यालयीन वेळेत तर ती आत कामाला. मग रीतसर रजा टाकली, नंबर घेतला आणि रांगेत पहिली उभी राहिली. समोर पाटी: 'खिडकी बंद. कर्मचारी रजेवर.'

"कोण गेलंय रजेवर?" मागच्या मुलीने विचारलं.

"मी."

"मग तुम्ही इथे काय करताय, मॅम?"

"अगं, रजा घेतल्याशिवाय रांगेत उभं कसं राहणार?"

तेवढ्यात सर तिथून चालले होते. फेली म्हणाली, "सर, खिडकीत कुणाला तरी बदली बसवा ना."

"बदली माणूस नेमण्याचा अधिकार सहायक कुलसचिवांचा."

"पण ती जागा रिकामी आहे, सर."

"म्हणून तर भरतोय! तू अर्ज का करत नाहीस?"

मग हिने डोकं लढवलं. थोडा वेळ रजा मागे घेतली, आत बसली, बटण दाबून स्वतःचाच नंबर पुकारला आणि इमारतीला वळसा घालून धावत सुटली. दारावरच्या रखवालदारकाकांनी, मानोंग बेर्तोंनी, हात आडवा केला. "हॉलमध्ये पळायचं नाही, डे." ते सगळ्या पोरींना 'डे'च म्हणतात. ती खिडकीशी पोचेपर्यंत नंबर 'गैरहजर' म्हणून बाद!

शुक्रवारी परत रजा, परत पहिला नंबर. एव्हाना रांग फाटकाबाहेर गेली होती, आणि बाहेर बिबिंका, तो तांदळाचा गरम केक, विकणारीचा धंदा असा कधी झाला नव्हता. फेलीच्या मागे डेझिरी, नर्सिंगची. परदेशातली नोकरी हातात आलेली, आणि क्लिअरन्स आज संध्याकाळच्या आत एजन्सीत द्यायचा.

"मॅम, पाया पडते, आत जा ना. एक सही!"

"आत गेले की रजा रद्द. रजा रद्द, की नंबर रद्द."

"माझी नोकरी जाईल, मॅम!"

"आणि माझी बढती?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मॅमला ढकला रे कुणीतरी आत!" सगळे हसले, डेझिरी सोडून. तिचा चेहरा बघून फेलीचा एक पाय खरंच रांगेबाहेर गेला. मानोंग हळूच म्हणाले, "डे, पाय बाहेर म्हणजे नंबर गेला हं."

पाय परत आत आला.

संध्याकाळी दिवे मालवले. डेझिरी फरशीवर बसली होती, रडायचीही थांबली होती. पाल्मारेस सर बाहेर आले, रांगेवरून नजर फिरवली आणि फेलीपाशी येऊन थांबले.

"एवढी माणसं विनवत होती, खिडकी तुझी, सही तुझी, आणि तू हललीसुद्धा नाहीस?"

"नियम आहे, सर."

सरांचे डोळे भरून आले गं! म्हणाले, "डिप्लोमा राहू दे. हे कुठल्या वर्गात शिकवून येत नाही."

सोमवारी फेली खुर्चीत. पाच नंबरवर कुणाला बसवायचं याचा सखोल अभ्यास करायला तिने समिती नेमलीय, घाई करू नका असं बजावून. डेझिरीला तर तिने स्वतःहून दिलगिरीचं पत्र लिहिलं. फक्त ते पाच नंबरच्या खिडकीवरून घ्यायचंय.

आता तू सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस? अंहं, असं पटकन नाही. आधी ती खुर्ची तुलाही हवीय असं धर, आणि मग सांग.