चाळीस सह्यांचा नकाशा

क्रूझ क्षेपणास्त्राला रस्ता दाखवणारी पेटी आज व्हॅनमध्ये बसवून समितीला दाखवायची होती, आणि ती बनवणारा अभियंता सकाळपासून तिचे स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत होता. तीन वर्षं तो या पेटीपायी झिजला होता. आज ती नापास झाली की विभागाला टाळं लागणार होतं.

चाचणी सोपी होती. पेटीवरचा बाण दाखवेल तिकडे ड्रायव्हरने वळायचं आणि जुन्या धावपट्टीजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचायचं. रस्ता गुप्त, म्हणून मागच्या खिडक्यांना काळे पडदे होते. वाटेत कोणी तोंड उघडलं तर चाचणी रद्द, असा अध्यक्षांचा दंडक होता.

दुसऱ्या चौकात व्हॅन उजवीकडे वळायला हवी होती. ती डावीकडे वळली. पुढे बसलेल्या अभियंत्याने रस्ता ओळखला. तो सासुरवाडीचा रस्ता होता.

धावपट्टीच्या रस्त्याची परवानगी आठ महिने अडकली होती, तेव्हा त्याने सरावासाठी पेटीत याच रस्त्याचा नकाशा भरला होता. बायकोला माहेरी सोडायचं निमित्त करून त्याने चाळीस फेऱ्या मारल्या होत्या आणि नियमाप्रमाणे दर फेरीला नकाशावर एक सही केली होती. फेरी फाटकाशी संपायची, म्हणून तो फाटकातूनच परत फिरायचा. सासूबाईंना याचं फार वाईट वाटे.

चाचणीसाठी पेटीत नकाशा भरणारा तपासनीस शेजारीच बसला होता. त्याने त्याला चिठ्ठी लिहिली, 'कोणता नकाशा भरलात?'

तपासनिसाने मागच्या बाजूला उत्तर लिहिलं, 'नियमाप्रमाणे. ज्यावर सर्वांत जास्त सह्या तो. चाळीस आहेत. दुसऱ्यावर फक्त सहा.'

आता तोंड उघडावं तर चाचणी रद्द. अभियंत्याने तीन वर्षं आठवली आणि तो गप्प बसला.

व्हॅन थांबली. अध्यक्ष खाली उतरले. समोर फाटकात सासूबाई झाडू घेऊन उभ्या होत्या.

"अगंबाई, जावईबापू! आणि एवढी माणसं? फोन तरी करायचा!"

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. "टाकी कुठंय?"

"गच्चीवर," सासूबाई म्हणाल्या. "पण पाणी सकाळीच जातं हो. तुम्हाला प्यायला हवंय का?"

अध्यक्षांनी वर पाहिलं. टाकी होती. तपासनिसाने टेप काढून टाकीच्या बरोबर खालपासून व्हॅनपर्यंत अंतर मोजलं. सव्वा मीटर भरलं. दहापर्यंत चालणार होतं.

"धावपट्टी दिसत नाहीये," समितीतले एक सदस्य चाचरत म्हणाले.

"धावपट्टी माझ्या फॉर्मवर नाही," तपासनीस म्हणाला. "लक्ष्य पाण्याची टाकी. टाकी आहे."

अध्यक्षांना दुपारी दुसरी बैठक होती. त्यांनी तिथल्या तिथे नकाशावर एक्केचाळिसावी सही ठोकली. विभाग वाचला. त्या दिवशी अभियंत्याच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की पाठ दुखायला लागली.

महिन्याभराने खऱ्या उड्डाणाची तारीख लागली. सोमवार, सकाळी दहा. अभियंता धावतच तपासनिसाकडे गेला.

"नकाशा बदलायला हवा!"

"बदला की. पण यावर एक्केचाळीस सह्या आहेत, म्हणजे नव्या नकाशाला बेचाळीस फेऱ्या. सोमवारपर्यंत होतील?"

"अहो, ते क्षेपणास्त्र आहे! व्हॅन नाही!"

"त्यात स्फोटकं नाहीत. निव्वळ अर्धा टन लोखंड." तपासनिसाने चष्मा पुसला. "आणि त्यावर अध्यक्षांची सही आहे. अध्यक्षांना चुकीच्या जागी नेलं होतं, असं लेखी देता का? लगेच थांबवतो."

अभियंत्याने कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं. 'महोदय' लिहिलं. मग विभागाला लागणारं टाळं डोळ्यांपुढे आलं आणि त्याने टोपण परत लावलं. स्वतःची त्याला मनापासून लाज वाटली, पण टोपण लागलंच.

घरी येऊन त्याने फोन उचलला.

"आई, मी बोलतोय. रविवारी आमच्याकडे राहायला या."

सासूबाई हरखल्या. "लग्नाला अकरा वर्षं झाली, जावईबापू. पहिल्यांदा बोलावलंत. चार कपडे घेऊन येते."

"चार कशाला, आई? सगळेच आणा. दागिने, कागदपत्रं, फोटो. कपाटही आणा, मी टेम्पो पाठवतो."

"अहो, इतकं कशाला? मी सोमवारी संध्याकाळी परत जाईन की."

"नाही, आई," अभियंता म्हणाला, "आता तुम्ही कायमच्याच इथे राहा."

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायको हे ऐकत होती. पदराने डोळे टिपत ती विरजण मागायला आलेल्या शेजारणीला म्हणाली, "देवानं माझ्या पदरात काय माणूस टाकलाय बघा!"