आबांना कळलेलं गाणं

आमच्या शेजारच्या दामू आबांना काहीही सांगा, उत्तर एकच: "बठ्ठं बरोबर शे." म्हणजे, सगळं बरोबर आहे. माझी स्कूटर चोरीला गेली तेव्हा अख्खी गल्ली हळहळली. आबांनी मात्र बठ्ठं बरोबर शे म्हणत माझी पाठ थोपटली.

पस्तीस वर्षं चाळीसगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या मशीनपुढे उभं राहून त्यांचे कान गेले. मुलानं ऐकायचं मशीन आणून दिलं, ते डबीत पडून आहे. एका मशीनपासून सुटलो, आता दुसरं कशाला, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी, की गोंगाटात ह्या माणसाला चक्क ऐकू येतं. एकदा सूनबाई मिक्सर चालू करून माझ्या बायकोपाशी सासऱ्याचं गाऱ्हाणं करत होत्या, तर बाहेरच्या ओट्यावरून आबांनी उत्तर दिलं. तेव्हापासून त्या घरात चटणी फार मुकाट्यानं वाटली जाते.

आबांची नात केतकी पुण्यात नोकरी करते. तिथं तिनं तिघांना गोळा करून बँड काढला आणि परवा त्यांचं पहिलं गाणं आलं. कुठल्या कंपनीचा आधार नाही, सगळं पदरचं. नॉईज पॉप म्हणे. म्हणजे चाल गोड करायची आणि तिच्यावर गिटारचा असा गदारोळ ओतायचा, की ती गुदमरली पाहिजे.

रविवारी दुपारी ते ऐकायला आम्हालाही बोलावलं. केतकी व्हिडिओ कॉलवर होती. टीव्हीवर गाणं सुरू झालं आणि मी आधी मेन स्विचकडे धावलो. मागे कुठंतरी पोरगी गातेय, एवढंच कळत होतं. संपल्यावर तिनं एकेकाला विचारलं, शब्द कळले का? शब्द तिचेच होते. घरच्या एकाला तरी ते कळावेत, ह्यातच तिचा जीव अडकला होता. बापानं मान डोलावली. आई म्हणाली, छान आहे, घसा सांभाळ. मी झकास म्हणून मोकळा झालो. पोरीचा चेहरा पडला. तिला आमची थाप लगेच कळली.

आबा टीव्हीच्या पुढ्यात सरकून बसले होते. आता बठ्ठं बरोबर शे येणार, म्हणून आम्ही हसू दाबलं. त्यांनी गाणं परत लावायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"हाई बरोबर नही," आबा म्हणाले. "पोर म्हनस, खोलीमा दोन खुर्च्या शेत. एकवर ती बसस, दुसरीवर कपडा पडेल ऱ्हातस. कोनीच येत नही."

केतकी ढसाढसा रडायला लागली. आम्हाला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

कान गेल्यापासून आबांनी गाव सोडलं नव्हतं. परक्या ठिकाणी कुणी काही विचारलं आणि ऐकू आलं नाही तर फजिती होईल, ही त्यांची कायमची धास्ती. त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि जिनिंगमध्ये बोलायचे तसे खच्चून ओरडले, "दुसरी खुर्चीवरला कपडा उचल, बेटा. मी पुन्याले येस."