या की एकदा घरी!

माणसाच्या आयुष्याला वळण लावतात ते मोठे निर्णय नव्हेत. ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही असे चिमूटभर निर्णयच पुढे डोंगर होऊन आडवे येतात. हे गहन सत्य थोरामोठ्यांना म्हणे दीर्घ चिंतनाअंती उमगतं. नकाशेवाल्यांना ते एका बादलीमुळे उमगलं. आणि तीही खरी बादली नव्हती, कॉम्प्युटरमधली होती.

नकाशेवाले म्हणजे भूमापन कार्यालयाच्या नकाशा विभागातले मुख्य लिपिक. वय बावन्न. गुंडाळलेले नकाशे उलगडणं आणि उलगडलेले पुन्हा गुंडाळणं यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली. मुलीने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर त्यांच्या वाट्याला आला आणि त्यातच एक जुना रोल-प्लेइंग गेम सापडला. आपण योद्धा व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. समोरचा काही बोलला की पडद्यावर तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. पहिल्याच गावात विहिरीवरची म्हातारी म्हणाली, "बाळा, एवढी बादली ओढून दे." नकाशेवाल्यांनी तिसरं उत्तर निवडलं: "घाईत आहे, आजी." पुढे चौपन्न तास खपून त्यांनी सात राक्षस लोळवले, दोन राज्यांचं भांडण मिटवलं आणि शेवटच्या बेटाकडे नेणाऱ्या नावेपाशी पोचले. नावाड्याने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "माझ्या आईला बादली ओढून दिली नाहीस, तो तूच ना?" नाव काही हलली नाही.

"चौपन्न तास!" नकाशेवाले ओरडले. "एका बादलीपायी!"

"बाबा, हीच तर या गेमची गंमत आहे," मुलगी म्हणाली. "जो अगदी फालतू वाटतो ना, तोच पुढे कुणाचा तरी कुणीतरी निघतो."

"इथे फ्रिजमधली रिकामी बाटली भरून ठेवा म्हटलं तरी घाईतच असतात," बायको आतून म्हणाली. "त्या नावाड्याला माझा नमस्कार सांगा!"

एरवी नकाशेवाल्यांनी हा टोमणा मनाला लावून घेतला असता. पण त्यांच्या डोक्यात वेगळाच दिवा पेटला होता. खाणीजवळच्या उपकार्यालयात चार मुख्य लिपिकांपैकी एकाची बदली होणार होती. तिथे एक खोली, एक टेबल आणि वर्षभर उडणारी पांढरी धूळ, एवढाच थाट. बायकोची शाळा इथे, मुलीचं कॉलेज इथे, म्हणजे जायचं तर एकट्यानेच. कोणाला पाठवायचं ते नव्या संचालक मॅडम ठरवणार होत्या. बाकीचे तिघे मॅडमच्या दारात घुटमळत होते. नकाशेवाले मनात हसले. वेडे कुठले! राणीपुढे लोटांगण घालून काय मिळतं? राणीपर्यंतची वाट विहिरीवरच्या म्हातारीकडूनच जाते!

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोहीम सुरू केली. समोर कुणी आलं की मनातल्या मनात तीन उत्तरं मांडायची आणि सगळ्यांत गोड असेल ते निवडायचं.

पहिले भेटले लिफ्टवाले काका. नऊ वर्षं त्यांना नकाशेवाले फक्त "चौथा" एवढंच म्हणत आले होते. आज त्यांनी पर्याय मांडले. एक, मान डोलावणे. दोन, "उकडतंय नाही?" आणि तीन...

"काय काका, बरे आहात ना? या की एकदा घरी!"

आता "या की एकदा घरी" या वाक्याचा अर्थ "बरं, निघतो" असा आहे, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्यावर "येऊ की" म्हणायचं आणि दोघांनीही विसरून जायचं. काकांनी मात्र लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबवली आणि विचारलं, "कधी?"

या वाक्यापुढे "कधी" असं कुणी विचारल्याचं नकाशेवाल्यांच्या ऐकिवात नव्हतं!

"कधीही! घर तुमचंच आहे!"

"मग रविवारी पाचला येतो," काका म्हणाले आणि लिफ्ट सुरू झाली.

झेरॉक्सवाल्या ताईंना ते म्हणाले, "तुमच्या कॉपीला मूळ कागदापेक्षा जास्त उजळपणा असतो. या एकदा घरी!" ताई म्हणाल्या, "हो, रविवारीच ना? काकांनी सांगितलं." टपालवाल्याला, पहारेकऱ्याला, कँटीनच्या मालकाला, सगळ्यांना त्यांनी असंच चुचकारलं. चार दिवसांत त्यांच्या जिभेवर साखरेचा कारखाना निघाला.

इकडे कार्यालयात कुजबुज सुरू झाली. पंचवीस वर्षं ज्याने कुणाला "बसा" म्हटलं नाही, तो माणूस एकाएकी असा लोण्यासारखा का वितळतोय? आजारबिजार? ताईंनी छडा लावला. "अहो, सरळ आहे. बदली झाली त्यांची! जायच्या आधी सगळ्यांशी गोड होऊन घेतायत बिचारे. रविवारी निरोपाचा कार्यक्रम आहे!"

रविवारी पाच वाजता नकाशेवाल्यांनी दार उघडलं. त्यांच्या अंदाजाने दोन माणसं यायची होती. आली एकोणीस. सगळ्यांत पुढे काका, त्यांच्या हातात चाकांची, चकचकीत निळी सुटकेस. आणि सगळ्यांत मागे, चपला काढत असलेल्या, साक्षात संचालक मॅडम!

नकाशेवाल्यांचं ऊर भरून आलं. आली! राणी स्वतःच्या पायाने आली! आणि तिला घेऊन आले कोण, तर लिफ्टवाले काका!

शेजारून खुर्च्या आल्या. बायकोने सँडविचचे चार चार तुकडे केले, मग आठ आठ केले. सुटकेस कशासाठी हे विचारणं नकाशेवाल्यांना गोड वाटेना, म्हणून त्यांनी ते विचारलं नाही. तेवढ्यात काका बोलायला उभे राहिले.

"साहेब माझ्याशी नऊ वर्षांत एक शब्द बोलले. 'चौथा'. पण परवा म्हणाले, बरे आहात ना. तेव्हाच मला कळलं, हा माणूस आता आपल्यात राहत नाही!"

टाळ्या पडल्या. पहारेकऱ्याने डोळे पुसले. नकाशेवाले हसत हसत टाळ्या वाजवत होते, पण त्यांची नजर सुटकेसवरून हलत नव्हती.

स्वयंपाकघरात झेरॉक्सवाल्या ताई बायकोला कप धुवायला मदत करत होत्या. "वहिनी, तुम्हीपण जाणार का हो बरोबर?"

"कुठे?"

"अहो, खाणीवर!"

बायको दारात आली. "अहो, जरा आत येता?"

या वाक्याला तीन उत्तरं कुठल्याच गेममध्ये नसतात. ते उठणार, एवढ्यात मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "किती आनंदाने निघालायत तुम्ही! बदली म्हटली की लोक माझ्यापुढे रडतात. असा माणूस मी पाहिला नाही हो!"

नकाशेवाल्यांनी मनात उत्तरं मांडली. एक: "मॅडम, घोटाळा झालाय, मला जायचं नाही." दोन: भोवळ आल्याचं सोंग. तीन...

"सगळा तुमचा आशीर्वाद," ते म्हणाले.

सगळे गेल्यावर बायको सोफ्यावर बसली. समोर सुटकेस होती.

"बदली मागून घेतलीत? मला न विचारता?"

"मागितली नाही गं! मी नुसता गोड बोलत होतो."

"माझ्याशी बोलला असतात तर निदान एकोणीस माणसं तरी आली नसती!"

मुलीला हसू आवरेना. "बाबा, गेममध्ये उघडतात तसा मागचा सेव्ह उघडा ना, चूक पुसून जाईल!"

सोमवारी नकाशेवाले जिन्याने चार मजले चढले आणि मॅडमच्या टेबलापुढे उभे राहिले. विहीर, म्हातारी, नावाडी, काका, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"म्हणजे माझ्यावर छाप पडावी म्हणून तुम्ही लिफ्टवाल्यांशी गोड बोललात?"

"हो, मॅडम."

"आणि कालच्या कार्यक्रमामुळे तुमची बदली झाली असं वाटतंय तुम्हाला?"

"हो, मॅडम. एक शब्द चुकला आणि..."

"अहो, तुमची ऑर्डर तीन आठवड्यांपूर्वीच निघालीय. टपालात अडकली असेल. मला वाटलं ती हातात पडली म्हणूनच तुम्ही सगळ्यांना बोलावलंत." त्यांनी फाईल उघडून पुढे सरकवली. "चौघांकडून फॉर्म भरून घेतले होते. बदलीस तयार आहात का, होय की नाही. तिघांनी 'नाही'वर खूण केली. तुम्ही 'होय'वर. मी आणखी काय करणार होते?"

नकाशेवाल्यांनी वाकून पाहिलं. सही त्यांचीच होती. 'होय'पुढच्या चौकोनात एक वाकडी निळी खूण होती.

पेन चालतंय का ते बघायला त्यांनी ती केली होती. पेन चालत होतं.