स्वतःच्याच दाराची कडी वाजवणारे आप्पा

आमच्या कॉलनीतले हिरालाल आप्पा रोज संध्याकाळी स्वतःच्याच घराची कडी वाजवतात. दार नुसतं लोटलेलं असतं. तरी आप्पा डोक्यावरची टोपी नीट करतात, चपला पायरीखाली काढतात, कडी वाजवतात आणि आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत अंगणात उभे राहतात. माझं घर समोरच, त्यामुळे हा कार्यक्रम मला ओट्यावर बसून रोज फुकटात बघायला मिळतो.

आप्पा संशयी आहेत याबद्दल कॉलनीत दुमत नाही. घरात चोर शिरला असेल तर त्याची गाठ पडू नये म्हणून ते आधी कडी वाजवतात, असं माझी बायको म्हणायची. मलाही ते पटलं होतं, कारण आप्पांचा संशय मी जवळून भोगलेला आहे. मुलगी पास झाली म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी आधी निकाल दाखवायला लावला आणि मगच पेढ्याला हात लावला.

त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी आधी भरलेली तोलायची, ऊस उतरवला की रिकामी तोलायची. सगळी लबाडी या दोन वजनांच्या मधे. भरलेल्या गाडीवर जादाचं चाक असायचं, रिकामीवर ते गायब. कधी क्लीनरच उसाच्या आड बसलेला सापडायचा. आप्पा गाडीभोवती फेरी मारत आणि ड्रायव्हरला म्हणत, "भरेल गाडी कोनीबी दखाडस. माले रिकामी दखाड." आप्पा रिटायर झाले, ते वाक्य झालं नाही. प्रकाशा गावाहून भाजी घेऊन येणारी बाई असो की मोबाइल कंपनीचा फोन, आप्पा सगळ्यांची रिकामी गाडी बघायला मागतात.

अशा माणसाला त्यांच्या मुलाने, सुरतेच्या पंकजने, ऑनलाइन समुपदेशन लावून दिलं. आप्पांच्या पत्नीला, म्हणजे जिजींना, विसर पडायला लागला होता. किती, ते आप्पांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. जिजी बाहेर येत नसत आणि आप्पा विचारणाऱ्याला "तिले बरं नही" एवढंच सांगत. घरी आजारी माणसाचं करून करून जे थकतात त्यांच्याशी बोलणारी एक ताई पंकजने शोधली होती. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर तिच्याशी बोलायचं. आप्पा फोन दोन बोटांत धरून माझ्याकडे आले.

"आधी ती बाई म्हनी, तुम्ही थकी गयात," ते म्हणाले. "मंग पंकजले सांगी, तुन्हा बाप थकी गया. मंग सुरतनी गाडी ई, नि तिले ली जाई."

असे पेशंट सांभाळणारी एक संस्था सुरतेला आहे, असं पंकज मागे एकदा बोलून गेला होता. आप्पांनी ते मनात पक्कं धरलं होतं. ताईशी बोलायला नकार दिला तर मुलाला संशय येणार, बोललं तर जिजी जाणार. यातून त्यांनी काढलेली वाट म्हणजे मी. एकट्या माणसाला कुणीही फसवतं, म्हणून मी पंच म्हणून बसायचं. त्यांच्या मधल्या खोलीत कपाटाच्या आडोशाला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असं माझं स्टूल मांडलं गेलं. पंचाला चहा होता, पण फुरका मारायची परवानगी नव्हती.

ताई बोलायला गोड होती. आपलं बोलणं आपल्यातच राहील, असं तिने आधी सांगितलं आणि खोलीत तुम्ही एकटेच आहात ना, असं विचारलं. आप्पा माझ्याकडे बघत म्हणाले, "एकटाच आहे." बोलले तेही शुद्ध मराठीत, साहेबापुढे जबाब देताना वापरतात तसल्या. मग ताईचीच चौकशी सुरू झाली. गाव कुठलं, पगार कोण देतं, मागे दिसतात ती पुस्तकं खरी की पडद्यावर छापलेली. ताईने हसत एक पुस्तक काढून दाखवलं. आप्पांनी तिला पानंही उलटायला लावली.

नंतर तिने विचारलं, झोप लागते का? उत्तम. जेवण? वेळेवर. काकूंचं सगळं एकट्याने करताना दमायला होत नाही? "तसा प्रश्नच उद्भवत नाही," आप्पा म्हणाले, आणि मला चहाचा ठसका दाबताना डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या परवानगीशिवाय पंकजला काही कळवणार नाही, असंही ती म्हणाली. फोन बंद झाल्याबरोबर आप्पांनी निकाल दिला, "भरेल गाडी दखाडी तिनी."

पुढच्या वेळी बोलणं चालू असताना जिजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. डोक्यावरून पदर, हातात भाकरीचं ताट. आप्पांना वळसा घालून त्या सरळ माझ्या स्टुलापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हाऊ मानूस रोज घरमा घुसस. मन्ही भाकरवर त्याना डोया शे. त्याले बाहेर काढा."

एवढं सांगून त्या ताट छातीशी धरून आत गेल्या. फोनमध्ये सगळं ऐकू गेलं होतं. आप्पांचा चेहरा एकदम उतरला. आता सुरतेची गाडी येणार, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. कपाटामागे पंच आहे हेही ताईला कळलं असणार, पण तिने माझं नावही काढलं नाही. काकू असं म्हणाल्या की तुम्ही काय करता, एवढंच तिने विचारलं.

आप्पांचं शुद्ध मराठी संपलं. "मी बाहेर जास," ते म्हणाले. "मंग पाव्हना म्हनीसन येस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. घरात वावरणाऱ्या या अनोळखी माणसाच्या हातचं जिजी खात नाहीत. पण दाराची कडी वाजवून पाहुणा आला, तर त्या घरच्या बाई होतात. 'या, बठा' म्हणतात, पाणी देतात, ताट वाढतात. पाहुणा म्हणतो, तुम्ही बसल्याशिवाय मी घास घेणार नाही. मग त्या बसतात आणि पोटभर जेवतात. मी कपाटामागे गार चहा घेऊन बसलो होतो.

"ताई, खरं सांगा," आप्पा म्हणाले. "ती दार उघाडस तवय माले वयखस, का नुसती पाव्हनानी रीत करस?"

"त्या तुम्हाला ओळखतात की नाही, ते मला माहीत नाही, आप्पा," ताई म्हणाली. "उगाच खोटं सांगणार नाही."

आप्पा आता चिडणार असं मला वाटलं. पण फोन ठेवल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, बाई खरी शे. रिकामी गाडी दखाडी तिनी." आणि मला पंचाच्या कामातून मोकळं केलं. चहा गेला याचं मला जरा वाईटच वाटलं.

आता ताईचा फोन असतो तेव्हा त्यांचं दार बंद असतं. काय बोलतात ते मला ठाऊक नाही. कधी कधी आप्पा उपरण्याने तोंड पुसत बाहेर येतात, आणि मी पेपरात बघतो.

मधे पंकज गाडी घेऊन आलाच. आप्पांनी त्यालाही चपला काढून अंगणात उभं केलं आणि कडी वाजवायला लावली. जिजींनी दोन्ही पाहुण्यांना वाढलं आणि त्यांच्यासोबत जेवल्या. पंकज रिकामी गाडी घेऊन सुरतेला परत गेला.

परवा बायकोने विरजण मागायला पाठवलं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. दोघांची जेवणं आटोपत आली होती. जिजींनी मला वाटीत दही दिलं, दाराबाहेर पाहिलं आणि आप्पांकडे वळून म्हणाल्या, "पाव्हना, अंधार पडी ऱ्हायना. तुम्हनी घरवाली वाट देखी ऱ्हायनी व्हई."

आप्पांनी टोपी घातली, हात जोडले. "हा बाई, देखतच व्हई. जास मी."

ते माझ्याबरोबरच पायऱ्या उतरले. अंगणात आल्यावर त्यांनी चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि आवाज न करता घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेले.