पाच ताऱ्यांचा डबा

"हिरव्या झाकणाचा डबा कुठंय?" स्वयंपाकघरातून बायकोचा प्रश्न आला आणि चष्मेवाल्यांना चहाचा ठसका लागला.

"कुठला गं?"

"आक्कांचा! संध्याकाळी येतायत त्या. पाण्याआधी डबा मागतील."

आक्का म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. त्या माणसं विसरायच्या, पण डबे विसरायच्या नाहीत. आणि हा डबा डोंगरावरच्या सरकारी उद्यानात होता. चष्मेवाल्यांनीच तो लपवला होता. छंदच तसा होता त्यांचा: डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे फोनवरून आपल्या हौशी मंडळाला कळवायचे आणि बाकीच्यांनी फोन धरून तो हुडकायचा. डबा किती अवघड, ते तारे देऊन आपणच ठरवायचं. चष्मेवाल्यांनी आपल्या डब्याला पाचपैकी पाच दिले होते. तो अजून कुणालाच सापडला नव्हता, त्यामुळे मंडळात त्यांची कॉलर ताठ होती. सगळे त्यांना 'होकायंत्र' म्हणत.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि चपला घातल्या. "चला, दाखवा."

मंडळातली माणसं डबा हुडकायला उद्यानात आधीच जमली होती. खाली तळं, पलीकडे निळे डोंगर. पण एकाची मान वर असेल तर शपथ. गाड्या लावायच्या जागेत सगळे कचऱ्याच्या पिंपाभोवती गुडघे टेकून बसले होते.

"मानलं हं, होकायंत्र!" दातांच्या डॉक्टरीणबाई पिंपातून डोकं काढत म्हणाल्या. "दोनदा उपसलं पिंप. काय जागा निवडलीत!"

होकायंत्रांनी फोन पाहिला. तोही पिंपच दाखवत होता. तेव्हा कुठे आठवलं, डबा लपवला होता वर, पण आकडे टिपले होते खाली येऊन, गाडीत निवांत बसून. सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर आक्का येणार.

त्यांनी बायकोला बाजूला घेतलं. "अगं, आकडे चुकले. डबा वर कुठंतरी आहे."

"कुठंतरी म्हणजे?"

"आठवत नाही."

"बरं. चढताना दम कुठं लागला?"

"दमाचा काय संबंध?"

"पहिल्यांदा टेकलात कुठं ते सांगा."

होकायंत्रांनी ओशाळून वर जाणाऱ्या पायवाटेच्या पहिल्याच चढावरच्या बाकाकडे पाहिलं. बायको तिथे गेली, वाकलीसुद्धा नाही. बाकामागच्या झुडपात हात घातला आणि डबा बाहेर काढला.

"वहिनी! फोनशिवाय?" मंडळ चाट पडलं.

"फोन कशाला? किल्ल्या, पाकीट, चष्मा, हे बसतात त्याच्या मागंच सापडतं सगळं. अख्खा संसार तेच शोधतेय."

डॉक्टरीणबाईंनी बाकाकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, मग होकायंत्रांकडे. रुमाल काढून हात तेवढे पुसले.

संध्याकाळी आक्कांना डबा मिळाला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि "मातीचा वास येतोय," एवढं म्हणून तो पिशवीत टाकला.

पुढच्या रविवारी सकाळी होकायंत्र घरभर फिरत होते.

"अगं, माझे बूट?"

"लपवलेत."

"काय?"

"मंडळाचा फोन आला होता. यावेळी डबा मी लपवायचाय. म्हटलं, आधी घरात हात बसवावा."

होकायंत्र गुडघ्यांवर बसले, कपाटाखाली डोकावले. "निदान किती तारे ते तरी सांग."



"समोरच आहेत, तेव्हा इतरांना एक. तुम्हाला पाच."