कलम सतरापर्यंत वाचणारा माणूस

आमच्या ऑफिसातले तितरमारे कॉम्प्युटरवर कुठलाही प्रोग्रॅम टाकण्याआधी त्याचा करारनामा वाचतात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मोठ्याने. तुम्ही-आम्ही ज्या पानावर न बघता 'मान्य आहे' दाबतो, तिथे हा माणूस चष्मा पुसतो, चहा मागवतो आणि खुर्ची पुढे ओढतो.

नागपुरातली आमची कंपनी छोटी आहे. कॉम्प्युटरला नको त्या गोष्टींपासून वाचवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मी तिथे तारखा, कामं आणि याद्या सांभाळते. माझ्या यादीत एका प्रोग्रॅमच्या तपासणीला एक दिवस असतो. तितरमारेंना तीन लागतात. त्यातला एक करारनाम्याचा.

व्हायरस त्यांच्याकडे येत नाहीत, ते दुसऱ्या टेबलाचं काम. "व्हायरस म्हणजे सरळ चोर, मॅडम. माझ्याकडे येतात ते पाहुणे. लग्नाले एकाले बोलवा, तो संगं चार जण घेऊन येते, अन् महिनाभर हलत नाही." म्हणजे आपण फोटो लहान करायचा प्रोग्रॅम घ्यावा आणि त्याच्यासोबत जाहिराती दाखवणारा दुसराच कोणी आत शिरावा, तसं. ऑफिसच्या जाळ्यापासून तोडलेल्या एका कॉम्प्युटरवर ते अशा पाहुण्याला उतरवून घेतात आणि पाहत बसतात. कोणत्या फायली ठेवल्या, कोणत्या सेटिंग बदलल्या, कोणाला काय माहिती पाठवली, आणि सगळ्यात शेवटी, जा म्हटल्यावर जातो का. प्रत्येक टप्प्याला त्यांचा एकच प्रश्न: "विचारलं होतं का?"

हा प्रश्न ऑफिसात राहिला असता तर बरं झालं असतं. एकदा ऑफिससाठी पडदे घ्यायला आम्ही गांधीबागेच्या कापडबाजारात गेलो. दुकानदाराने पिशवीत एक रुमाल टाकला. तितरमारेंनी तो बाहेर काढला.

"हा कोणी मागितला?"

"अरे साहब, फ्री है."

"फ्री आहे म्हणूनच विचारून राहिलो."

सहलीच्या फॉर्मवर मी सोयीसाठी 'शाकाहारी'समोर आधीच टिक करून ठेवली होती. त्यांचा फॉर्म लाल शाईत परत आला: 'परवानगी गृहीत धरली आहे.' मी सगळे फॉर्म पुन्हा छापले. सांगायला नको वाटतं, पण त्यांचं बरोबर होतं.

मागच्या वर्षी त्यांच्याकडे एक मराठी टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम आला. मोफत होता, पण तक्रारी ढीगभर. कॉम्प्युटर सुरू केला की हा आपोआप सुरू. दर अर्ध्या तासाने पडद्यावर पाटी यायची, 'बोटं आखडली असतील. सराव करा.' आणि काढून टाकायची सोयच नव्हती. निकाल उघड होता. सोमवारी काढून टाकायच्या प्रोग्रॅमची आमची नवी यादी निघाली, की तो प्रोग्रॅम आमच्या सगळ्या ग्राहकांच्या कॉम्प्युटरवरून पुसला जाणार होता.

तितरमारेंनी करारनामा काढला. तो मराठीत होता, सतरा कलमांचा. नववं कलम: 'दुपारी दोन ते चार कोणी येऊ नये, मी झोपतो.' अकरावं: 'या प्रोग्रॅममुळे नोकरी लागल्यास पेढे पाठवण्याची सक्ती नाही.' सतराव्यापाशी त्यांचा आवाज थांबला. मी मान वर करून पाहिलं. तिथे नागपूरजवळच्या कन्हानचा एक पत्ता होता आणि पुढे लिहिलं होतं, 'इथपर्यंत वाचले असल्यास कृपया कळवावे.'

"कळवा मग," मी म्हटलं.

"मेलचा पत्ता बंद आहे. जावं लागते."

आणि आम्ही शनिवारी सकाळी गेलो. नोंद ठेवायला मी, वही घेऊन.

दार उघडलं लांजेवार सरांनी. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा कन्हानला टायपिंगचा क्लास होता. मशीन गेल्या, क्लास बंद पडला, तेव्हा पुस्तकं आणून ते प्रोग्रॅम लिहायला शिकले होते.

"सर, मी सतरावं कलम वाचलं," तितरमारे उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

सरांनी त्यांना खालीवर पाहिलं. "अकरावं सांगा."

तितरमारेंनी अकरावं म्हणून दाखवलं. सरांनी खुर्ची पुसली.

वाईट बातमी सांगताना तितरमारे घुटमळत नाहीत. "तुमचा प्रोग्रॅम लोकायले सोडत नाही, सर. सोमवारी आम्ही त्याले काढून टाकून राहिलो."

"शिकल्याशिवाय काहून सोडू? माझ्या क्लासातून मी कोणाले अर्ध्यातून जाऊ देलं नाही."

"क्लासात पोट्टे आपल्या पायानं येत होते."

सर हळूच म्हणाले, "जायचं बटन ठेवलं, तर सगळेच जातीन."

"जातीन काही. जो राहीन, तो शिकायसाठीच राहीन."

बाहेरून कोळशाचा एक ट्रक गेला, घरातली भांडी हलली. सरांनी कॉम्प्युटर सुरू केला.

"कुठं ठेवायचं म्हणता बटन?" सरांनी विचारलं.

दीडपर्यंत दोघं एका कॉम्प्युटरसमोर बसले होते. अर्ध्या तासाची पाटी गेली, आपोआप सुरू होणं गेलं. नवं बटन दाबून पाहायची वेळ आली तेव्हा सरांचं बोट वरच राहिलं. मला घाई असते, मी दाबून मोकळी झाले असते. तितरमारे हात मांडीवर ठेवून थांबले. शेवटी सरांनीच दाबलं. प्रोग्रॅम निमूट गेला, मागे एक फाईल ठेवली नाही. तितरमारेंनी लगेच तो पुन्हा टाकला, सगळी कलमं पहिल्यापासून वाचून.

सोमवारच्या यादीत तो नव्हता. मी वहीत काम पूर्ण अशी खूण केली.

तितरमारे एकटे राहतात. रविवार कसा गेला विचारलं, की "गेला," एवढंच म्हणायचे. आता म्हणतात, "कन्हानले होतो." दर रविवारी. परवा मी वही उघडून विचारलंच, की प्रोग्रॅममध्ये अजून बाकी काय आहे.

"प्रोग्रॅम झाला. करारनामा वाढवून राहिलो. सर सांगतात, मी लिहितो, मंग वाचून दाखवतो."

"किती कलमं झाली?"

"एकेचाळीस."

"अहो, एवढं वाचणार कोण?"

ते चष्मा पुसत होते. "सर आहेत. मी आहो," म्हणाले.